चिखलाच्या मॅडम

समुद्राचं प्रशिक्षण केंद्र कराडात का, हा प्रश्न मला पाहुण्यांनी इतक्यांदा विचारलाय की आता मी उत्तर देत नाही, चहा मागवतो. खरं उत्तर एवढंच की कराडात इमारत रिकामी होती. खाडीच्या चिखलात वाढणारी खारफुटीची जंगलं, ज्यांना आमच्या कागदात कांदळवन म्हणतात, ती राखणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवायचं ठरलं. निधी आला, त्यात बांधकामाला पैसे नव्हते, आणि कुणाला तरी आमच्या गावाबाहेरची ओस पडलेली सरकारी वसाहत आठवली. झालं! कोकणातली पोरं समुद्राकडं पाठ करून घाट चढायची आणि कृष्णा-कोयनेच्या काठी बसून समुद्र शिकायची. मी तिथं हिशेब शिकवायचो. सरकारी पैसा कसा खर्च करावा आणि खर्च केल्यावरही शांत झोप कशी लागावी, हा माझा विषय. मी जन्माचा कराडचा. समुद्र लग्नानंतर एकदा पाहिला होता, तेव्हाही पँट भिजली म्हणून बायकोवर चिडलो होतो.

अशा त्या केंद्रात इंदुमती थोरात मॅडम बदलून आल्या. सगळी नोकरी किनाऱ्यावर झालेली, निवृत्ती जवळ आलेली, आणि मूळ गाव आष्ट्याजवळचं. "घराजवळ पाठवलं," असं वरचे म्हणाले. बाजूला टाकलं, असं आम्ही समजलो. बाई बुटक्या, रंगानं काळ्यासावळ्या, चाल नांगरामागं चालल्यासारखी. सुती साडी, आणि पायात प्लॅस्टिकच्या चपला. त्या अशा की एका झटक्यात काढता याव्यात. आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. वडील लष्करात होते, त्यामुळं बोलण्यात अधूनमधून 'सावधान', 'पीछे मुड' यायचं, बाकी सगळी अस्सल वाळव्याची, म्हणजे आष्ट्याच्या तालुक्याची भाषा. वरिष्ठांशी प्रमाण मराठीत सुरू करायच्या आणि तिसऱ्या वाक्याला घसरायच्या.

पहिल्या दिवशी माझ्या खोलीत आल्या, माझ्याकडं न बघता माझ्या बुटांकडं बघितलं.

"लय चकचकीत हायत."

"पॉलिश करतो रोज," मी म्हणालो.

"दिसतंयच की. काय शिकवता तुमी?"

"लेखा. हिशेब."

"मग तुमी हिशेबतात्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या. माझं नाव त्यांनी त्यानंतर कधी विचारलं नाही. आठवड्याभरात शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे मला तात्या म्हणू लागले. माझं वय तेव्हा तात्या म्हणवून घेण्याचं नव्हतं, हे मी आजही सांगतो.

त्यांचा पहिला तास मी पाहिला, कारण मला तिथं ओढून नेलं होतं. वर्गात फळा, पडदा, पंखे, सगळं होतं. बाईंनी सगळ्या पोरांना बाहेर काढलं आणि शेजारच्या उसाच्या शेतावर नेलं. शेतमालकाशी त्यांनी आदल्या दिवशीच बोलून ठेवलं होतं. नव्या उसाच्या लागणीला पाणी नुकतंच पाजलेलं, सऱ्या भरलेल्या.

"बूट काढा. उतरा."

कोकणातली पोरं हसायला लागली. एक जण म्हणाला, "मॅडम, आम्ही चिखलातच जन्मलो."

"जल्माला आलासा खरं. पर नोकरी लागल्यापास्नं कवा उतरलासा?"

पोरं उतरली. मग माझ्याकडं वळून, "तात्या, तुमास्नी काय येगळं आवतण द्यायचं?"

मी उतरलो. डावा मोजा त्या शेतात राहिला तो राहिलाच. बाईंनी सगळ्यांना कोपरापर्यंत हात चिखलात घालायला लावले आणि मूठभर वर काढून वास घ्यायला लावला. "हा गोड्या पाण्याचा. खाडीतला ह्याचा आजा हाय. त्याला कुजका वास येतोय, कारण आत हवा न्हाई. हवा न्हाई म्हणून पाला, मुळ्या, काड्या आत गाडल्या गेल्या की संपत न्हाईत, तशाच ऱ्हात्यात वर्षानुवर्षं. झाडानं हवेतनं जे घेतलं ते तितं कोंडून पडतंय. सरकार कार्बन कार्बन म्हणतंय ते हेच. झाड वर दिसतंय म्हणून समद्यांचं ध्यान झाडाकडं. खरी तिजोरी तुमच्या पायाखाली हाय." त्या दिवसापासून पोरांनी त्यांना चिखलाच्या मॅडम म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "बरं हाय की. लोण्याच्या म्हणाली असती तर शरम वाटली असती."

त्यांची दुसरी खोड म्हणजे केंद्राच्या आवारातला कोपरा. आमच्या मागच्या भिंतीजवळ एक उघडा तुकडा होता, खडी आणि माती, नुसता ओसाड. पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम निघाला. पाहुणे आले, फीत आली, खड्डे खणायला माणसं आली. बाई त्या तुकड्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"हितं न्हाई लावायचं."

संचालक आमचे गरीब माणूस. "अहो मॅडम, वन खात्याचं केंद्र आहे आणि एवढी जागा मोकळी. लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी म्हणू द्या. आदी इचारा, हितं कोण ऱ्हातं."

मग त्यांनी खाली बोट दाखवलं. खड्यांमध्ये टिटवीची अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. पाहुण्यांचा बूट तिथून हातभरावर. टिटवी वर घिरट्या घालत आमच्या सगळ्यांना शिव्या देत होती. झाडं दुसरीकडं लागली. त्या कोपऱ्यात बाईंनी एक पाटी लावली, 'इथे काही लावू नये'. शाळेची पोरं केंद्र बघायला आली की ती पाटी वाचून खो खो हसायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे.

मला मात्र त्याचं कोडं वाटे. कारण हीच बाई बाकी ठिकाणी हिरवळीसाठी जीव टाकणारी. खोलीच्या खिडकीत, जिन्यात, फुटक्या बादलीत, जिथं जमेल तिथं काहीतरी लावलेलं. आणि उघड्या जागेवर कुणी झाड लावायला निघालं की अंगावर धावून जायची.

दुसरं कोडं जेवणाचं. बाई मासे खायच्या, मटण खायच्या, खेकड्याच्या नांग्या दातानं फोडायच्या. एकदा रत्नागिरीकडच्या एका पोरानं घरून तिसऱ्या आणल्या. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणाऱ्या छोट्या शिंपल्या, आतला मऊ गर खातात. आमच्या स्वयंपाकघरात त्यानं खोबरं घालून झणझणीत केल्या आणि मोठ्या हौसेनं पहिलं ताट मॅडमना वाढलं. बाईंनी ताट हलकेच पुढं सरकवलं.

"मला नगं रं. ह्या तात्यांना दे."

"मॅडम, तुमच्यासाठी केल्यात खास."

"लय चांगल्या झाल्या असतील. मला चालत न्हाईत."

"अ‍ॅलर्जी आहे का?" मी विचारलं.

"तसंच समजा," म्हणाल्या, आणि पिठलं-भाकरी मागून घेतली. मी दोन्ही ताटं संपवली.

ही दोन्ही कोडी सुटली आष्ट्याला. त्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता, आग्रहानं बोलावलं, गेलो. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "चला, आमच्या दादांची जमीन दावते." दादा म्हणजे त्यांचे वडील, ते केव्हाच गेलेले. बांधावर उभं राहून त्यांनी दाखवलेला ऊस डोक्याच्या वर गेलेला, काळाभोर.

"हितं मी शाळेत हुते तवा गवताची काडी न्हवती. पाणी पाजून पाजून मीठ वर आलं. पांढरीफटक जिमीन. दादा फौजेतनं घरी आले ते ह्याच बांधावर उभं ऱ्हायचे. बोलायचे न्हाईत. आई म्हणायची, त्यास्नी जेवायला बोलाव, आन् मी यायची तर ते नुसतं बघत उभे."

आमच्या भागात ही क्षारपड जमीन सगळ्यांना माहिती आहे. कृष्णेकाठच्या किती घरांच्या मुलींची लग्नं त्यापायी लांबली. पुढं चर खणून, त्यात नळ्या टाकून खारं पाणी बाहेर काढायचं तंत्र आलं. थोरातांच्या घरानं ते केलं. पहिला ऊस उभा राहिला त्या वर्षी दादांनी गावभर पेढे वाटले आणि पोरीला जवळ घेऊन म्हणाले, जिमीन बरी झाली गं.

"तवापास्नं माझ्या डोक्यात पक्कं बसलं," बाई म्हणाल्या. "उघडी खारी जिमीन म्हंजी आजारी जिमीन. चर काढा, लागण करा, बरी हुती."

आणि या पोरीला खात्यात नोकरी लागल्यावर पहिलीच मोठी जबाबदारी मिळाली ती किनाऱ्यावर. समुद्र तिनं तोवर पाहिला नव्हता. एका खाडीकाठी (खाडीचं नाव मी सांगत नाही, पुढं कळेल का ते) ओहोटीला चिखलाचं मैदानच्या मैदान उघडं पडायचं. झाड नाही, झुडूप नाही, वर मिठाचा पापुद्रा. बाईंना तिथं दादांचा बांध दिसला. त्या वर्षी लागवडीला निधी आलेला होता, जागा शोधा म्हणून वरून घाई होती. बाईंनी चर खणले, उसासारख्या सऱ्या पाडल्या, कांदळाच्या शेंगा रांगेत टोचल्या, मेल्या तिथं, उसातल्या रिकाम्या जागा म्हणजे नांग्या भरतात तशा, परत टोचल्या. असलं काम किनाऱ्यावरच्या माणसाला सुचलंच नसतं. ते वाळव्याच्याच माणसाला सुचणार. पहिल्या वर्षी हिरव्यागार ओळी. साहेब आले, फोटो निघाले, बाईंना जिल्ह्याला बोलावून प्रशस्तिपत्र दिलं.

"त्या खाडीवर सुगंधाबाई म्हणून एक म्हातारी हुती. चार बाया घेऊन दाराशी आली. समद्यांच्या टोपल्या मोकळ्या. त्या चिखलात त्या तिसऱ्या काढायच्या, आज्या-पणज्यापास्नं. चरांनी चिखल सुकून घट्ट झाला, तिसऱ्या गेल्या. मला म्हणली, बाये, तू चल, हात घालून बघ. मी काय म्हणाले म्हाईत हाय? म्हणाले, मावशी, आज न्हाई, आज मला सत्काराला जायाचंय."

हे सांगताना बाई उसाकडं बघत होत्या.

"मग माझी बदली झाली. पुढं वर्षा-दीड वर्षानं आपली आपण बघायला गेले. रोपांच्या अंगावर कालवाच्या शिंपल्या चढल्याल्या, लाटांनी रोपं मोडून पडल्याली. एक बी उभं न्हवतं. झाडं बी गेली आन् तिसऱ्या बी गेल्या. म्हातारीच्या दारात जाऊन बसले. तिनं शिव्या घातल्या, पाणी बी दिलं. मग मी रजा टाकली, आन् त्या बायांबरोबर माझेच चर बुजवले. हळूहळू चिखल मऊ पडला. तिसऱ्या यायला लागल्यात म्हणं, थोड्या थोड्या. सुगंधाबाई दर साली निरोप धाडती, घेऊन जा. मी सांगते, तुमचं पोट भरल्यावर. माझ्यापायी किती सालं त्यांची चूल अर्धी पेटली. मी कशा खाऊ त्या?"

ही सगळी गोष्ट खात्याच्या कागदावर नव्हती. कागदावर ती लागवड यशस्वी होती आणि आजही आहे, कारण तिसऱ्या वर्षी कुणी बघायलाच गेलं नव्हतं.

आणि याच कागदानं घात केला. नील कार्बन हा शब्द तोवर आमच्याकडं चांगलाच रुळला होता. खारफुटी, समुद्रगवत, खाडीचा चिखल यांत साठलेल्या कार्बनसाठी देशात-परदेशात पैसे मिळतात, म्हणून राज्यासाठी एक योजना आखली जात होती. हेतू चांगला, मी नाव ठेवणार नाही. खाडीकाठच्या गावांना त्यातून वाटा मिळायचा होता. पण मसुद्यात पैसा होता तो नव्या लागवडीला. जे गाव आपलं जुनं जंगल राखून आहे, जो चिखल नुसता पडून आपलं काम करतोय, त्यासाठी रकानाच नव्हता. पोरं विचारायची, मॅडम, राखणाऱ्याला काय? बाई म्हणायच्या, "राखणाऱ्यानं आदी तोडायचं, मग लावायचं, मग मिळंल." पोरं हसायची, त्या हसायच्या नाहीत.

प्रस्ताव पक्के करायची बैठक आमच्याच केंद्रात ठेवली, कारण पुन्हा तेच, सभागृह रिकामं होतं. आदल्या दिवशी यादी आली. बाई यादी घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं.

"तात्या, तीच खाडी. माझाच चिखल. यशस्वी लागवडीचा विस्तार म्हणून पहिल्या नंबरावर घातलाय. परत चर, परत लागण."

"मग हरकत घ्या. जागा अयोग्य आहे म्हणा, तांत्रिक मुद्दा काढा."

"त्ये म्हणणार, आदी जमलं हुतं, आता का जमत न्हाई? मी काय सांगू?"

मी हिशेबाचा माणूस. मला पुढचं सगळं दिसत होतं. ती लागवड फसली हे बाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर शासनाचा पैसा वाया घालवला, यशस्वी म्हणून अहवाल दिला, नंतर कळूनही गप्प बसल्या, अशी सरळ चौकशी. निवृत्ती तोंडावर. चौकशी चालू असताना निवृत्त झालं की पेन्शन पुरी मिळत नाही, ग्रॅच्युइटी अडकते. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, मागं दुसरं काही नव्हतं. हे मी त्यांना मुद्देसूद समजावून सांगितलं. शेवटी हात जोडले. "मॅडम, गप्प बसा. निवृत्त व्हा, मग काय बोलायचं ते बोला."

"तवर चर पडलेले असतील."

"अहो पण तुमचं म्हातारपण!"

"सुगंधाबाईला कुठली पेन्शन हाय, तात्या?"

मला राग आला. खरंच आला. असली माणसं स्वतःचं वाटोळं करतात आणि वर आपल्याला गप्प करतात. मी म्हणालो, करा काय करायचं ते. दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही.

बैठकीत मी मागच्या रांगेत, चहाच्या टेबलाजवळ. मुंबईहून मोठे साहेब आलेले. सल्लागार कंपनीचा एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता, शहाणा मुलगा, बोलायला गोड. त्यानं एक जुना फोटो लावला. चिखलात हिरव्या रोपांच्या सरळ ओळी, आणि पुढं कमरेवर हात ठेवून हसणारी एक तरुण बाई. "हा आपला आदर्श," तो म्हणाला. "याच्याच शेजारच्या उघड्या भागात आपण विस्तार करतोय."

थोरात मॅडम उठल्या.

"त्या फोटोतली बाई मी हाय."

"अरे वा!" मोठे साहेब म्हणाले, आणि टाळी वाजवली. साहेबांनी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. सभागृह दणाणलं. मी मान खाली घातली.

"टाळ्या थांबवा, साहेब. त्यातलं एक बी झाड जितं न्हाई. तुमी शेजारचा उघडा भाग म्हणताय, तो शेजार न्हवं. तीच जागा हाय ती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दादांची जमीन, चर, सऱ्या, सुगंधाबाई, सत्काराला जायचं होतं ते. प्रमाण मराठी पहिल्या वाक्यालाच सुटली होती. साहेब मध्येच म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे सगळ्यांसमोर बोलताय. हे कार्यवृत्तात येईल."

"येऊ द्या की. त्यासाठीच बोलतीया. यशस्वी म्हणून मीच लिवलं हुतं, आता फसली म्हणून बी मीच सांगती. चूक माझी. पर माझ्या चुकीवर इमला चढवू नका."

सल्लागार कंपनीच्या तरुणानं फोटो काढून टाकला आणि अगदी मनापासून विचारलं, "पण मॅडम, झाडं नसतील तर तिथला कार्बन आम्ही दाखवायचा कसा?"

"झाडं मोजता तसा चिखल मोजा. खोल नळी घाला, काढा, बघा काय साठलंय. आन् जे साठलंय ते हलवू नका, त्याचे पैसे द्या. राखणाऱ्या गावाला द्या. बायकांस्नी तिसऱ्या काढू द्या, त्यांच्या बोटांनी चिखल मरत न्हाई, चरानं मरतोय."

त्यानं ते लिहून घेतलं. तो चिखल यादीतून निघाला, ते त्याच बैठकीत. राखणीचा मुद्दा पुढच्या मसुद्यात घेऊ, असं साहेब म्हणाले. तो घेतलाही आहे, पण अजून 'विचाराधीन' या शब्दाच्या पुढं सरकलेला नाही. साहेब वाईट नव्हते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई खरी आहे हो. पण आता मला चौकशी लावावीच लागेल." मी म्हणालो, माहीत आहे, सर. मीच शिकवतो ते.

बाई माझ्याजवळ आल्या आणि कप पुढं केला. "तात्या, चा द्या. घसा सुकला." मी कप भरला, तरी त्या तो तसाच पुढं धरून उभ्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्यांनाही भीती वाटत होती.

निवृत्तीचा दिवस आला तेव्हा चौकशी चालूच होती. नारळ दिला, शाल दिली. भाषणं करायला कुणी धजेना. चौकशी असलेल्या माणसाचं कौतुक करावं की नाही, याचा नियम कुणाला ठाऊक नव्हता. शेवटी पोरांनी त्यांना उचलून त्या उसाच्या शेतात नेलं आणि सगळे अनवाणी उभे राहिले. मीही राहिलो. या वेळी मोजे आधीच काढून ठेवले होते.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. तात्पुरती पेन्शन येत होती, भावाच्या घरी राहायच्या, शेताकडं बघायच्या. चौकशीचं विचारलं की म्हणायच्या, "चाललीया. कागद मागत्यात, देतीया."

परवा मी कामासाठी आष्ट्याकडं निघालो होतो. त्यांना कळवलं, तर म्हणाल्या, "कराडच्या स्टँडवर कोकणातनं गाडी येती. डायवरकडं माझ्या नावाचा डबा हाय म्हणं. मी सांगितलं न्हवतं, त्यांनीच धाडलाय. जरा घेऊन या."

डबा थर्माकोलचा, दोरीनं बांधलेला, कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि वास असा की आमच्या नव्या गाडीत ठेवायला माझा जीव होईना. ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारीनं निरोप तोंडी सांगायला लावलाय. घोकून घेतलाय माझ्याकडून. म्हणाली, बाईला सांग, औंदा चिखल भरलाय, गाव खाऊन उरल्यात. आमचं पोट भरलं. आता तू खा."

मॅडम बांधावर होत्या. त्याच, दादांच्या. मी डबा खाली ठेवला आणि निरोप सांगितला, ड्रायव्हरनं सांगितला तसाच. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावला. मग डबा उचलून घराकडं चालू लागल्या, मी मागून.

त्यांच्या वहिनीनं असला जिन्नस जन्मात शिजवला नव्हता. ती नाकाला पदर लावून बाहेर बसली. बाईंनी स्वतःच धुतल्या, कांदा-लसणाची चटणी घालून आमच्या पद्धतीनं लालभडक केल्या. खोबरं विसरल्या. मला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं. पहिली शिंपली उघडून तोंडात टाकली आणि चावत राहिल्या, बराच वेळ. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसलं नाही.

"कशा झाल्यात?" मी विचारलं.

"कचकच लागतीया. वाळू ऱ्हायली. धुवायला जमलं न्हाई मला."

"मग ठेवा बाजूला."

"ठेवू कशाला?" म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मला पुढं जायचं होतं, उठलो. त्या उठल्या नाहीत, हात खरकटा होता, मानेनंच या म्हणाल्या. गाडी वळवताना दारातून दिसल्या. ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि एकेक शिंपली बोटांनी उघडून खात होत्या.